पट घरचा, चिंचोके घरचे

सुट्टीत मुलांना घेऊन घरच्या टाकाऊ सामानातून पटाचे खेळ बनवण्याबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. बहुतेकांचा पट दिसायला सुरेख झाला आहे, पण खेळायला बसल्यावर काहीतरी अडतं. पट वाकतो, फासा एकाच अंगावर पडतो, नाहीतर डाव संपतच नाही. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. एक विनंती आधीच करतो. पहिला पट पेन्सिलीने रद्दीच्या कागदावर आखा, दोन डाव खेळा, आणि मगच रंगांना हात लावा. रंगवलेला पट चुकला तर मुलं तो बदलू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असतं.

पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर पांढरा कागद चिकटवला. सकाळी बघतो तर पट होडीसारखा वाकलेला. पुठ्ठा चांगला जाड होता. काय चुकलं? (एक बाबा, नाशिक)

पुठ्ठ्याच्या जाडीचा यात दोष नाही. ओला कागद फुगतो आणि वाळताना आकसतो. आकसताना तो पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढतो. कागद फक्त वरच्या बाजूला लावला की ओढ एकाच बाजूची राहते आणि कडा वर उचलल्या जातात. म्हणून खालच्या बाजूलाही तेवढाच कागद, त्याच गोंदाने, त्याच बैठकीत लावायचा. खालचा कागद कोण बघणार म्हणून तो उद्यावर ढकलला, की वाकलंच.

पन्हळी पुठ्ठ्याला आणखी एक खोड असते. आतल्या पन्हळी ज्या दिशेने जातात त्या दिशेला तो ताठ असतो, पण त्यांना समांतर रेषेवर सहज मोडतो. म्हणून एकाच जाड पुठ्ठ्याऐवजी तीन थरी खोक्याचे दोन तुकडे घ्या आणि एकाच्या पन्हळी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या ठेवून चिकटवा. ४० × ४० सेंटिमीटरचा असा पट वर्षानुवर्षं सपाट राहतो. या मापाच्या एका बाजूला चार चहाचे चमचे फेविकॉल पुरतं. ते जुन्या एटीएम कार्डाने पातळ पसरवा. बोटाने लावलं तर कुठे ढीग होतो, कुठे कोरडं राहतं, आणि ढिगाच्या जागी कागदाला सुरकुती पडते.

मग पटाच्या वर-खाली वर्तमानपत्र ठेवून त्यावर पुस्तकांचा गठ्ठा चढवा. दोन तासांनी वर्तमानपत्रं बदला, कारण पहिल्यांनी ओल शोषलेली असते. रात्रभर दाबून ठेवा. उन्हात मात्र वाळवू नका, वरची बाजू आधी सुकते आणि पुन्हा तीच होडी.

तुमचा वाकलेला पट टाकून देऊ नका. त्याच्या उघड्या, म्हणजे फुगीर बाजूला आता कागद चिकटवा आणि तसाच दाबून ठेवा. बहुतेक वेळा सरळ होतो.

फेविकॉलऐवजी खळ वापरायची असेल तर २ मोठे चमचे मैदा आधी ४ चमचे गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग पाऊण कप पाणी घालून मंद आचेवर चार-पाच मिनिटं, जरा पारदर्शक दिसेपर्यंत ढवळा. गरम पाण्यात थेट मैदा टाकला की गुठळ्या होणारच. ही खळ दोन दिवसांत संपवा. पूर्वी खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या हातातल्या वस्तूत अजिबात नको. पावसाळ्यात बनवत असाल तर खळ नकोच. दमट हवेत तिला बुरशी धरते, आणि झुरळं व कसर तिच्यासाठीच येतात.

नातवंडांना चल्लस-आठ शिकवायला बसले. चिंचोके फोडून घेतले आहेत. पण आठ सारखा पडतो आणि चार पडतच नाही. धाकटा म्हणतो, आजी तुझे चिंचोके खोटे आहेत. (एक आजी, सातारा)

आजी, नातू अगदी बरोबर बोलतोय आणि तुमच्या चिंचोक्यांचा आजारही नेमका सांगतोय. चल्लस-आठ या पटाच्या खेळात फाशाऐवजी चार फोडलेले चिंचोके टाकतात. पांढऱ्या बाजू वर जितक्या, तितकं दान. चारही तपकिरी पाठी वर आल्या तर आठ. चिंचोका दोन्ही अंगांवर सारखाच पडत असेल तर चार चिंचोक्यांच्या सोळा शक्यता होतात. त्यांत आठ एकदा, चार एकदा, एक आणि तीन प्रत्येकी चारदा, आणि दोन सहादा. पण फोडलेल्या चिंचोक्याची पाठ फुगीर असेल तर तो सपाट, पांढऱ्या अंगावर जास्त स्थिर बसतो आणि तपकिरी पाठ वर राहते. शंभरात साठ वेळा तपकिरी वर येत असेल, तर आठ सोळांत एकदा पडायचा तो आठांत एकदा पडू लागतो आणि चार जवळजवळ चाळिसांत एकदा. चिंचोक्यातला जरासा फरक दानात असा कितीतरी मोठा होऊन दिसतो.

उपाय म्हणजे घासणं. कडप्प्याच्या खरबरीत बाजूवर किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर चिंचोक्याचं पांढरं अंग गोल फिरवत घासा. जसजसा तो पातळ होत जाईल, तसतसा नाण्यासारखा दोन्ही अंगांवर सारखा पडायला लागेल. मग परीक्षा घ्या. चारही चिंचोके २५ वेळा टाकायचे, म्हणजे १०० पडणी झाल्या. त्यात पांढरं ४० ते ६० वेळा आलं तर चिंचोके खरे. ही मोजणी नातवंडांनाच करू द्या, चार-चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. दुसरी-तिसरीतल्या मुलाला यात किती गणित मिळतं! शिवाय कोणता चिंचोका खोडकर आहे हेही ती शोधून काढतात. तेवढा एकच बदलला तरी चालतं.

चिंचोके नव्याने फोडायचे असतील तर चिंचेचा कोळ काढल्यावर उरलेले धुऊन दोन दिवस वाळवा. कढईत भाजू नका. भाजल्यावर साल सुटते आणि दोन्ही अंगं पांढरी होतात, मग वाचायचं काय? चिंचोका फडक्यात गुंडाळून कडेवर उभा धरा आणि सांध्यावर बत्त्याचा हलका घाव घाला. फडकं हवंच, तुकडा डोळ्यात उडतो. हे काम मोठ्यांचं. दहा घेतले तर हवे तसे चार नक्की मिळतील. टाकताना वाटीत खुळखुळवून चादरीवर टाका. फरशीवर ते उड्या मारतात आणि भांडणं होतात.

पट सोपा आहे. ५ × ५ घरं, प्रत्येक घर ६ सेंटिमीटरचं. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली. फुलीवर सोंगटी मरत नाही. आपल्या फुलीवरून निघून बाहेरच्या वाटेने उजवीकडून फिरायचं. आपल्या फुलीच्या अलीकडच्या घरातून आत वळायचं, आतल्या आठ घरांतून उलट दिशेने जायचं आणि शेवटी मधल्या घरात. बाहेरची १५, आतली ८ आणि मधलं १, अशी एका सोंगटीची २४ पावलं होतात. खऱ्या चिंचोक्यांचं सरासरी दान अडीच पडतं, म्हणजे एका सोंगटीला साधारण दहा दानं लागतात. चार सोंगट्यांचा डाव सहा-सात वर्षांच्या मुलाला लांब वाटतो. त्याला दोनच सोंगट्या द्या. आत वळण्याआधी एक सोंगटी मारलीच पाहिजे, हा नियम काही घरांत आहे. लहानांबरोबर तो सोडून द्या, नाहीतर कुणी आतच जात नाही. बाकी नियम गावागणिक बदलतात आणि या खेळाला कुणी अष्टा-चंगा म्हणतं. तुमच्या माहेरचे नियम तेच तुमच्या घरचे खरे.

इथे बिनबियांची चिंच मिळते. चिंचोके नाहीत. काय वापरू? (एक वाचक, न्यू जर्सी)

पिस्त्याची टरफलं. सारख्या आकाराची चार निवडा, मीठ जाण्यासाठी धुऊन वाळवा. पोकळ बाजू वर आली तर ती पांढरी समजायची. टरफल पोकळ असल्याने त्याचं पडणं चिंचोक्यासारखं नसतं, म्हणून वर सांगितलेली शंभर पडणींची परीक्षा घ्याच. एकच अंग फार येत असेल तर टरफलं सोडा आणि जाड पुठ्ठ्याच्या चार चकत्या एका बाजूने रंगवून घ्या. घरात सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल तरही चकत्याच.

पाच वर्षांच्या मुलीसाठी शंभर घरांची सापशिडी बनवली. डाव पूर्ण होण्याआधीच तिचा कंटाळा सुरू. साप कमी करू का? (एक आई, पुणे)

साप कमी करून फार फरक पडणार नाही, घरं कमी करा. फाशाचं सरासरी दान साडेतीन. साप आणि शिड्या नसल्या तरी शंभर घरांना २८-२९ दानं लागतात, आणि दोघं खेळत असाल तर ती सगळी दुप्पट वेळ घेतात. पाच वर्षांच्या मुलीसाठी ६ × ६ म्हणजे ३६ घरं पुरेत. एक घर ५ सेंटिमीटरचं धरलं तर मिठाईच्या मोठ्या खोक्याच्या झाकणावर पट मावतो. खालच्या ओळीत डावीकडून १ ते ६, वरच्या ओळीत उजवीकडून ७ ते १२, असं नागमोडी वर जायचं.

मांडणी अशी करून बघा. शिड्या: ३ वरून १५, ९ वरून २१, १३ वरून २५, २२ वरून २७. साप: १७ वरून ६, २६ वरून ११, ३२ वरून २०. शिड्या मिळून ४१ घरं वर नेतात, साप मिळून ३८ खाली आणतात. या मांडणीत कोणतीही दोन चित्रं एकमेकांवरून जात नाहीत. हे महत्त्वाचं, कारण साप आणि शिडी एकमेकांत गुंतली की लहान मूल चुकीच्या शेपटीला पोचतं आणि रडतं.

स्वतः मांडणी करायची असेल तर तीन गोष्टी सांभाळा. शिडीचं टोक सापाच्या तोंडात नको. सहा साप ओळीने नकोत, एका फाशाने ते ओलांडताच येत नाहीत आणि डाव तिथेच थांबतो. आणि शेवटच्या घरात नेमकंच दान पडलं पाहिजे हा नियम या वयात नको.

साप कशाचे, हे मुलीला ठरवू द्या. सापशिडीचं आपलं जुनं रूप मोक्षपट. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. आजही पालक त्यात ‘खोटं बोलणे’, ‘आळस’ असं लिहायला जातात आणि मुलाला तो पट शाळेसारखा वाटायला लागतो. तिने ‘चप्पल हरवली’ हा साप आणि ‘मामा आला’ ही शिडी काढली, तर ती पट पुन्हा पुन्हा मांडेल.

कागदाचा घडीचा फासा बनवला. सारखा पाचच येतो. (इयत्ता पाचवीतला एक वाचक, कोल्हापूर)

तुझ्या फाशाच्या दोनच्या बाजूला आत चिकटपट्ट्या जास्त आल्या असणार. जड बाजू खाली बसते आणि समोरची वर येते. फाशात समोरासमोरच्या अंकांची बेरीज सात असते, म्हणून दोन जड तर पाच वर. दोन उपाय आहेत.

पहिला, भरीव फासा. तीन थरी पुठ्ठ्याची जाडी साधारण ३ मिलिमीटर असते. २१ मिलिमीटरचे सात चौकोन कापून एकावर एक चिकटवले की घन तयार. चिकटवताना प्रत्येक थराच्या पन्हळी आडव्या-उभ्या आलटून पालटून ठेव, आणि गोंद अगदी कमी लाव, नाहीतर तोच जड होतो. वरून कागद गुंडाळ. कोपरे हळूहळू चेपतात, तेव्हा नवा कर.

दुसरा उपाय सोपा आणि अधिक टिकाऊ. सहा कडांची संपत आलेली पेन्सिल घे. टोकाचा भाग कापून चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा ठेव (कापायला घरातल्या मोठ्या माणसाला सांग). सहा बाजूंवर १ ते ६ लिही. समोरासमोर १-६, २-५, ३-४. आता पाटावर लोळव आणि वर आलेली बाजू वाच. सारीपाटाचे फासेही असेच लांबुळके असतात, फक्त त्यांना चार बाजू.

स्केचपेनने रंगवून वर फेविकॉलचा हात दिला, सगळा रंग पसरला. (एक ताई, अकोला)

स्केचपेनची शाई पाण्यात विरघळते आणि फेविकॉलमध्ये पाणी असतं. मेणाच्या खडूवर उलट होतं, तिथे गोंद धरतच नाही. रेघा बॉलपेनने आणि रंग जुन्या मासिकांच्या, लग्नपत्रिकांच्या कागदाचे तुकडे चिकटवून द्या. लग्नपत्रिकेचा कागद जाड आणि रंग पक्का असतो. मागची कोरी बाजू पत्त्यांसाठी उत्तम, एका मोठ्या पत्रिकेतून ५ × ७ सेंटिमीटरचे चार-सहा पत्ते निघतात. हळदीचा रंग मुलांना आवडतो, चुना लागला की लाल होतो म्हणून तर जास्तच. पण हळद उजेडात उडते, खिडकीजवळचा पट महिन्याभरात फिका पडेल. वरचं आवरण हवंच असेल तर गोंदाचा हात न देता रुंद पारदर्शक टेप ओळीने लावा.

मुलाला खूप कमी दिसतं. बहिणीबरोबर त्याला बरोबरीने खेळता येईल असा पट करायचा आहे. (एक आई, रत्नागिरी)

चल्लस-आठ याच्यासाठी फार चांगला खेळ आहे. चिंचोका बोटाने वाचता येतो, एक अंग सपाट, एक गोल. फाशाचे ठिपके वाचायला डोळे लागतात, चिंचोक्याला लागत नाहीत. मात्र ते कडा असलेल्या ताटात टाका, म्हणजे शोधावे लागणार नाहीत, आणि उचलण्याआधी बोट फिरवून वाचायचे. वाचताना चिंचोका उलटू नये म्हणून ताटात जाड फडकं अंथरा.

पटात सोंगटी हात लागून सरकते ही खरी अडचण. त्यासाठी पाण्याच्या बाटल्यांची २५ टोपणं जमवा. पुठ्ठ्याचे दोन थर चिकटवून पट करा. प्रत्येक घराच्या मधोमध टोपण ठेवून भोवती पेन्सिल फिरवा आणि रेघेच्या आतून, किंचित लहान भोक कापा. टोपण तोंड वर करून दाबून बसवा. फेविकॉल या प्लास्टिकला धरत नाही, म्हणून घट्ट बसणंच महत्त्वाचं. भोक सैल झालं तर टोपणाला सुताचे दोन वेढे द्या. आता प्रत्येक घर म्हणजे एक वाटी, सोंगटी हलत नाही. पाच फुल्यांच्या वाट्यांत तळाला पॉलिश पेपरचा गोल तुकडा टाका. आतल्या आणि बाहेरच्या वाटेमध्ये सुतळी चिकटवा. सोंगट्या हाताला वेगळ्या लागल्या पाहिजेत. एकाचे शर्टाचे बटण, दुसऱ्याचे राजमा. आणि बहिणीलाही एखादा डाव डोळे मिटून खेळू द्या, कुठे काय अडतं ते तिला लगेच कळेल.

वर्गात ३८ मुलं आहेत. एक पट पुरत नाही. (एक शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, बीड)

जुना फ्लेक्स मागा. दहा फूट लांब-रुंद मिळाला तर मागच्या बाजूला एकेक फुटाची शंभर घरं बसतात आणि मुलंच सोंगट्या होतात. चार गट, प्रत्येक गटाचा एक जण पटावर, बाकीचे फासा टाकणारे आणि मोजणारे. दर तीन दानांनी माणूस बदला, नाहीतर बाकीची मुलं नुसती बघत बसतात. रेघा ऑइल पेंटने पातळ मारा, एक दिवस वाळू द्या. फ्लेक्स घडी घालून ठेवला की घडीवर रंग तडकतो, म्हणून लाकडी काठीवर गुंडाळा. त्यावर मोजे घालून कुणी चालायचं नाही, घसरतात. अनवाणी बरं. फासा म्हणून रिकामं चौकोनी खोकं चालेल. आत चिंध्या सारख्या भरा, म्हणजे एकीकडे झुकणार नाही.

घरात दोन वर्षांची धाकटी आहे. थोरल्याचा खेळ तिच्या हाती लागतो. (एक आई, पणजी)

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर चिंचोके, बटणं, मणी, राजमा हे सगळं घशात अडकू शकतं. खेळण्यांच्या तपासणीत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. त्यात पूर्ण मावणारी वस्तू लहान मुलासाठी धोक्याची धरतात. बाटलीचं टोपणही त्यात मावतं. म्हणून सध्या सोंगट्या ५ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याच्या करा आणि पट त्या मानाने मोठा घ्या. जुन्या खेळण्यांतली बटण-बॅटरी आणि छोटी लोहचुंबकं सोंगट्या म्हणून कधीच नकोत, पोटात गेल्यावर ती फार मोठी इजा करतात. गोळ्यांची रिकामी पाकिटंही नकोत, कडा कापतात.

सोंगट्या हरवतात. (बऱ्याच जणांनी लिहिलं आहे.)

जुन्या पँटचा मागचा खिसा त्याच्या कापडासकट कापून काढा आणि दोन टाके घालून पटाच्या खालच्या बाजूला शिवा. सारीपाटाचा पट कापडाचा असायचा आणि सोंगट्या त्यातच गुंडाळून ठेवायच्या. तसंच करायचं असेल तर चल्लस-आठचा पट जुन्या चादरीच्या ५० सेंटिमीटरच्या चौकोनावर धावदोऱ्याने घाला, चार कोपऱ्यांना नाड्या लावा. खेळ झाला की सोंगट्या आणि चिंचोके मध्ये ठेवून कोपरे बांधायचे. बांधताना मोजायचे, सोळा आणि चार.